छपरावरचा वारा, छपरावरचं पाणी

29 जून 2024 ची रात्र आपल्यापैकी अनेकांनी जागून काढली. ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवलं आणि विश्वचषक आपला झाला. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरोघरी एकच चौकशी सुरू झाली: पोरं घरी कधी येणार? बार्बाडोसचा विमानतळ बंद होता. 'बेरिल' नावाचं चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून जात होतं आणि जगज्जेता संघ हॉटेलात अडकला होता. संघाचं विमान 3 जुलैला सुटलं. 4 जुलैच्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला आणि 'बेरिल' हे नाव आपल्या बातम्यांतून निघून गेलं.

माझ्या मनातून ते गेलं नाही. संघ हॉटेलात बसून होता त्या 1 जुलैलाच बेरिल चौथ्या श्रेणीचं वादळ होऊन ग्रेनाडा देशातल्या कॅरिआकू नावाच्या चिमुकल्या बेटावर आदळलं. बेट अर्ध्या तासात सपाट झाल्याचं त्या देशाच्या पंतप्रधानांनी सांगितलं. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर, जूनमध्येच, चौथ्या श्रेणीला पोहोचलेलं वादळ त्याआधी नोंदलंच गेलेलं नव्हतं. 2 जुलैला ते पाचव्या श्रेणीत गेलं आणि आणखी एक विक्रम मोडला.

कॅरिआकूबद्दल वाचताना एका तपशिलाशी मी अडखळलो, आणि या पुस्तकाचं बीज तिथेच पडलं. या बेटावर नदी नाही. लोक घराच्या छपरावर पडणारा पाऊस पन्हळीने हौदात उतरवतात आणि पावसाळा सरला की त्याच पाण्यावर महिने काढतात. हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर जे वाया जाईल ते सोडून दहा हजार लिटर हौदात येतं. म्हणजे त्या घराचं छप्पर हीच त्याची नदी आणि तेच त्याचं धरण. बेरिलने कॅरिआकूची छपरं उडवली तेव्हा घरांबरोबर पाणीही गेलं. जो ऋतू हौद भरतो तोच ऋतू छप्पर नेतो. जून ते नोव्हेंबर हे सहा महिने कॅरिबियन माणसाला एकाच वेळी हवेही असतात आणि नकोसेही.

अशा ऋतूचा अंदाज आधीच बांधायचा कसा, तो कोण बांधतं, कशावरून बांधतं आणि तो कानावर आल्यावर माणसाने नेमकं काय करायचं, हा पुढच्या पानांचा विषय आहे. पुढची प्रकरणं बेटांप्रमाणे आणि वर्षांप्रमाणे लावली आहेत. त्यांत शिरण्याआधी काही गोष्टी इथेच सांगून ठेवतो, म्हणजे आकडे समोर आल्यावर बिचकायला होणार नाही.

मराठी वाचकाला हंगामाचा अंदाज नवा नाही. गुढीपाडव्याला पंचांग उघडून पर्जन्यफल वाचायची रीत आजही अनेक घरांत आहे. मृगाचं वाहन कोणतं, आर्द्रेचं कोणतं, बेडूक किंवा म्हैस असेल तर दिलासा, कोल्हा असेल तर काळजी, हे मी लहानपणी ऐकत आलो. एप्रिलमध्ये हवामान खात्याचा अंदाज येतो, सरासरीच्या इतके टक्के, आणि पारावर चर्चा रंगते. तो आकडा सबंध देशाचा असतो. आपल्याला मात्र आपल्या शिवाराचं जाणून घ्यायचं असतं. त्या एका आकड्यात गेवराईचं काय आणि गगनबावड्याचं काय, हे लिहिलेलं नसतं. कॅरिबियन माणसाची अडचण हीच आहे, फक्त त्याच्या आकड्यात पावसाच्या टक्क्यांऐवजी वादळांची संख्या असते. यंदा सतरा ते पंचवीस वादळं, असं कोणीतरी सांगतं आणि तो विचारतो, माझ्या बेटावर किती?

या दोन अंदाजांचं नातं निव्वळ सारखेपणाचं नाही, ते रक्ताचं आहे. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाची इमारत आणि तिच्याच नावाचा चौक आहे. तिथून रोज हजारो माणसं जातात. पुण्यात सिमला कुठून आलं, हा प्रश्न त्यांतल्या फार थोड्यांना पडत असेल. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून हे नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण हवामानाच्या दीर्घकालीन अंदाजाचं काम आजही पुण्याशी बांधलेलं आहे. आणि सिमल्याच्या त्या कचेरीत, पुण्याला येण्याआधीच्या दिवसांत, जे शोधलं गेलं त्याच्या आधाराने आज कॅरिबियनचे ऋतुअंदाज उभे आहेत.

1876 ते 1878 चा दुष्काळ दख्खनने भोगला. तो किती भीषण होता हे मराठी घराण्यांच्या आठवणींतून आणि गॅझेटियरच्या पानांतून आपल्याला ठाऊक आहे. हवामान खातं 1875 मध्ये स्थापन झालं होतं. दुष्काळानंतर त्याच्यावर जबाबदारी आली ती पावसाचा अंदाज आधी सांगण्याची. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा ठोकताळा बांधला आणि 1886 पासून सरकारी अंदाज निघू लागले. मग 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते गणिती होते, हवामानशास्त्रज्ञ नव्हते. मान्सूनची किल्ली भारतातच असेल असं त्यांनी धरून चाललं नाही. जगभरच्या ठाण्यांचे हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवले, कारकुनांकरवी त्यांची हाताने आकडेमोड केली आणि कोणाचा कोणाशी मेळ बसतो हे वर्षानुवर्षं तपासलं. त्यातून एक विलक्षण गोष्ट हाती लागली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही. जणू एकाच तराजूची दोन पारडी. वॉकर यांनी त्याला 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. या झोक्यामागचं कारण त्यांना सांगता आलं नाही, म्हणून त्या काळी अनेकांनी त्यांचं म्हणणं मनावर घेतलं नाही. 1969 मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी हा झोका आणि पेरूच्या किनाऱ्यालगतचं पाणी तापवणारा 'एल निनो' एकाच घटनेची दोन अंगं असल्याचं मांडलं, तेव्हा चित्र पुरं झालं.

वॉकर यांना दख्खनचा पाऊस सांगायचा होता. तो त्यांना मनासारखा सांगता आला नाही. पण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला वादळांच्या अंदाजाचा पाया त्यांच्या त्या तक्त्यांवरच घातला गेला. ही गोष्ट आपल्याकडे शाळेत शिकवली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता एल निनो आणि कॅरिबियनची वादळं यांचा संबंध काय, हे थोडं सावकाशीने पाहू, कारण पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण इथेच परत येतं.

अटलांटिकचं चक्रीवादळ बहुधा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेल्या एका साध्या लाटेतून जन्मतं. वाऱ्यातली एक वळी, ढगांचा एक पुंजका, एवढंच त्याचं सुरुवातीचं रूप. वाटेत समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असेल तर त्याची वाफ या पुंजक्याला इंधन पुरवते. ढग वर चढतात, खाली दाब उतरतो, वारा फिरू लागतो. हे सगळं एका उभ्या धुराड्यासारखं असतं. धुराडं ताठ राहिलं तर आग पेटत जाते. पण समुद्रालगत वारा एका दिशेचा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर भलत्याच दिशेचा असेल, तर धुराडं कलतं, वरचा भाग खालच्यापासून सुटतो आणि वादळ मोडतं. खालच्या-वरच्या वाऱ्यांमधल्या या तफावतीला 'विंड शिअर' म्हणतात. प्रशांत महासागरात एल निनो असला की कॅरिबियनवर वरच्या थरातले पश्चिमेकडचे वारे जोर धरतात, तफावत वाढते आणि वादळांची संख्या घटते. प्रशांतातलं ते पाणी नेहमीपेक्षा गार असतं त्या 'ला निना'च्या वर्षी नेमकं उलट होतं.

हे आपल्याला आपल्याच समुद्रावरून पडताळता येतं. अरबी समुद्रातली वादळं मे-जूनमध्ये येतात, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं 'निसर्ग' आठवून पाहा. भर जुलै-ऑगस्टमध्ये, समुद्र खवळलेला असतानाही, तशी वादळं सहसा होत नाहीत. कारण तेव्हा खाली मान्सूनचे जोरदार पश्चिमी वारे असतात आणि वर तितकेच जोरदार पूर्वेकडचे. धुराडं उभंच राहत नाही. अटलांटिकमध्ये अशी अडवणूक नसल्याने तिथला मोसम ऑगस्टपासून ऐन भरात येतो आणि 10 सप्टेंबरच्या सुमारास कळसाला पोहोचतो.

एल निनोचं हे अटलांटिकशी असलेलं नातं ज्यांनी पकडलं ते विल्यम ग्रे कोलोरॅडोत, समुद्रापासून कैक मैल दूर डोंगराच्या पायथ्याशी, विद्यापीठात शिकवत होते. 1982-83 ला मोठा एल निनो झाला आणि 1983 च्या मोसमात अटलांटिकमध्ये नाव देण्याजोगी अवघी चार वादळं झाली. 1984 पासून ग्रे यांनी मोसमाआधीच वादळांची संख्या जाहीर करायला सुरुवात केली. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचा तो परिपाठ त्यांच्या शिष्यांनी आजवर चालवला आहे. अमेरिकेची सरकारी हवामान संस्था नोआ 1998 पासून आपला अंदाज देते. हिशेबाची मोजपट्टी अशी: ताशी 63 किलोमीटरचा वारा झाला की वादळाला नाव मिळतं, 119 ला ते हरिकेन होतं, 178 पासून पुढे मोठं हरिकेन. 1991 ते 2020 च्या सरासरीने एका मोसमात 14 नावं, 7 हरिकेन, 3 मोठी हरिकेन. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की पुढचा बराच मजकूर सोपा होतो.

आता अंदाज चुकतात का? चुकतात, आणि कसे चुकतात हे पाहण्यात मला अंदाज बरोबर आल्यापेक्षा जास्त शिकायला मिळालं. 2013 मध्ये सगळ्यांनी जोरदार मोसम सांगितला होता. हरिकेन झाली फक्त दोन, त्यांतलं मोठं एकही नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोने एल निनो येईल असं धरून 11 नावं आणि 4 हरिकेन सांगितली होती. एल निनो आलाच नाही. मोसम संपला तेव्हा 17 नावं आणि 10 हरिकेन झालेली होती, आणि त्यांत बार्बुडा बेट रिकामं करायला लावणारं 'इर्मा' होतं, डॉमिनिका उद्ध्वस्त करणारं 'मारिया' होतं. डॉमिनिकाचं त्या एका रात्रीतलं नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक भरलं.

एप्रिलचा अंदाज लंगडा असतो याला कारण आहे. मार्च ते मे हे महिने प्रशांत महासागरासाठी संधिकाळाचे असतात. जुनं चक्र विरत असतं, नवं अजून घडलेलं नसतं, आणि त्या काळात केलेलं एल निनोचं भाकीत सर्वांत कमी टिकतं. भारतीय हवामान खातं एप्रिलमध्ये एक अंदाज देतं आणि मेच्या अखेरीस तो सुधारतं, त्यामागे हेच आहे. कोलोरॅडोनेही 2017 च्या ऑगस्टमध्ये आकडे वाढवले होते. पण पहिला आकडा छापून येतो तो मोठ्या अक्षरांत, आणि सुधारलेला येतो आतल्या पानावर. वाचकाने ऑगस्टची वाट पाहायला शिकलं पाहिजे.

2023 ने तर सगळ्यांनाच गोंधळात टाकलं. एल निनो पक्का होता, म्हणजे अटलांटिक शांत राहायला हवं होतं. पण अटलांटिकचं पाणी कधी नव्हे इतकं तापलेलं. एक हात आवरत होता, दुसरा ढकलत होता. नावं 20 झाली. त्याच एल निनोच्या सावलीत आपल्याकडचा ऑगस्ट 1901 नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. वॉकर यांच्या तराजूची आठवण मला त्या महिन्यात रोज होत होती.

2024 साठी नोआने मे महिन्यात 17 ते 25 नावं सांगितली. मेमध्ये इतका मोठा आकडा त्यांनी त्याआधी कधी दिला नव्हता. कोलोरॅडोने एप्रिलमध्येच सांगितलं होतं: 23 नावं, 11 हरिकेन, 5 मोठी. मोसमाचा शेवट झाला तो 18, 11 आणि 5 वर. हरिकेनचा आकडा अचूक. पण त्या अचूक आकड्याच्या आत काय दडलं होतं? बेरिलने जूनमध्येच सलामी दिली. नंतर 13 ऑगस्टपासून 8 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ऐन हंगामात, एकाही नव्या वादळाला नाव द्यावं लागलं नाही. अंदाज फसला असं लोक म्हणू लागले. आणि सप्टेंबरच्या अखेरीस 'हेलीन', ऑक्टोबरमध्ये 'मिल्टन' आलं. बेरीज जुळली. पण कोणत्या आठवड्यात, कोणाच्या दारात, हे बेरजेला माहीत नसतं.

उलट टोकाचं वर्ष 2025. नावं 13, हरिकेन 5. दोन्ही आकडे सरासरीहून खाली. कागदावर सौम्य मोसम. पण त्या पाच हरिकेनमधलं एक 'मेलिसा' होतं. जमैकाच्या दक्षिणेला ते गरम पाण्यावर कित्येक दिवस रेंगाळलं आणि 28 ऑक्टोबरला पाचव्या श्रेणीचं होऊन बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर चढलं. 1992 मध्येही असंच झालं होतं. त्या वर्षीचं नाव मिळालेलं पहिलंच वादळ ऑगस्टमध्ये आलं, इतका मोसम निवांत होता. त्या पहिल्या वादळाचं नाव 'अँड्र्यू', आणि दक्षिण फ्लोरिडा त्याला अजून विसरलेली नाही.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे की वादळांची संख्या हा ऋतुअंदाजाचा सर्वांत कमी कामाचा भाग आहे. कामाचा भाग आहे तो पावसाचा, आणि त्याच्याबद्दल बाहेरचं जग जवळजवळ बोलतच नाही.

हे काम बार्बाडोसमध्ये चालतं. कॅरिबियन हवामान आणि जलविज्ञान संस्था तिथे आहे. तिच्या पुढाकाराने बेटाबेटांच्या हवामान खात्यांची माणसं वर्षातून दोनदा एकत्र जमतात; एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, एकदा कोरड्या ऋतूच्या तोंडावर. आपापले आकडे मांडतात, संगणकी प्रारूपांशी ताडून पाहतात आणि पुढच्या तिमाहीचा एक नकाशा तयार करतात. त्या नकाशावर प्रत्येक भागात एक छोटी चौकट असते आणि चौकटीत एकाखाली एक तीन आकडे. समजा वर 45, मध्ये 35, खाली 20 असं लिहिलं आहे. याचा अर्थ पाऊस 45 टक्के जास्त पडेल असा मुळीच नाही, आणि हीच चूक सर्रास होते. अर्थ असा: गेल्या तीसएक वर्षांचे पाऊस चढत्या क्रमाने लावून त्यांचे तीन सारखे ढीग केले, कमी, मध्यम आणि जास्त. काहीच माहिती नसती तर प्रत्येक ढिगाची शक्यता तेहतीस टक्के. यंदा जास्त पावसाच्या ढिगाकडे पारडं झुकलं आहे, 45 पर्यंत. पण कमी पावसाच्या ढिगातलं वर्ष येण्याची शक्यताही 20 टक्के शिल्लक आहे, म्हणजे पाच वर्षांत एकदा. ज्याने 45 वाचलं आणि खालचे 20 वाचले नाहीत, त्याने अंदाज वाचलाच नाही.

ही चौकट हातात घेऊन जमैकातल्या सेंट एलिझाबेथ परगण्यात जाऊ. देशाचा भाजीपाला पिकवणारा हा भाग, पण डोंगराच्या पावसाआडच्या अंगाला पडल्यामुळे कोरडा. आपल्या माणदेशाची आठवण यावी असा. इथला शेतकरी जमिनीवर गिनी गवताचं जाड आच्छादन घालतो. गवत कापून, वाळवून, रोपांच्या ओळींमध्ये दाबून पसरतो, म्हणजे जमिनीतली ओल धरून राहते. हे गवत त्याला विकत घ्यावं लागू शकतं, आणि गवत घालायचं की नाही, किती घालायचं, हे पाऊस येण्याआधीच ठरवावं लागतं. जमैकाचा पाऊस दोन टप्प्यांत येतो, मे-जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दुसऱ्यांदा. मधल्या जुलैत तो दम घेतो. मे-जूनचा पाऊस दगा देणार असेल तर रोपं लावायची की बी जपून सप्टेंबरची वाट पाहायची? कर्ज आता उचलायचं की नंतर? त्या चौकटीतले तीन आकडे या प्रश्नांसाठी आहेत. शेतकरी त्यांवर सगळं पणाला लावत नाही. चार गुंठे आता, बाकीचे नंतर, असं तो करतो, आणि शक्यतेची भाषा याहून शहाणपणाने वापरता येत नाही.

एल निनोचा दुसरा चेहरा इथे दिसतो. वादळं आवरणारा म्हणून बाहेरच्यांना तो कॅरिबियनचा मित्र वाटतो. पण तोच या बेटांचा पाऊसही आटवतो. 2009-10 मध्ये आणि पुन्हा 2014 ते 2016 मध्ये बेटांनी असा दुष्काळ पाहिला की नळाला पाणी वेळ ठरवून सोडावं लागलं, डोंगरउतारावर वणवे लागले. वादळांच्या यादीत हा दुष्काळ दिसत नाही. त्या वर्षांची आठवण बाहेर कोणाकडे नाही, कारण कोरड्या हौदाचं चित्र दूरदर्शनवर दाखवता येत नाही. वादळ एका रात्रीचं असतं. दुष्काळ रोज सकाळी बादली घेऊन उभा राहतो. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मेलिसा चढलं ते जमैकाच्या याच नैर्ऋत्य कोपऱ्यावर. सेंट एलिझाबेथचं मुख्य गाव ब्लॅक रिव्हर जवळजवळ उद्ध्वस्त झालं. ज्या परगण्यात माणसं ओल टिकवण्यासाठी गवत पसरत होती, त्याच परगण्यावर एका दिवसात पूर ओतला गेला. हे मी नियतीचा खेळ म्हणून सांगत नाही. पाण्याचा अंदाज आणि वाऱ्याचा अंदाज वेगवेगळ्या कपाटांत ठेवले, तर त्या शेतकऱ्याला दोन्हींपैकी एकही नीट वापरता येत नाही, म्हणून सांगतो.

अंदाजाचा सरकारी पातळीवर उपयोग कसा होतो, याची दोन प्रकरणं पुढे आहेत, त्यामुळे इथे थोडक्यात. 2004 मध्ये 'इव्हान'ने ग्रेनाडाची वाताहत केली, त्यानंतर 2007 मध्ये कॅरिबियन देशांनी मिळून एक सामाईक विमा निधी उभा केला. त्याची खुबी अशी की नुकसानीचे पंचनामे होईपर्यंत थांबायचं नाही. वाऱ्याचा वेग, पावसाचं मान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की पैसे थोड्याच दिवसांत सुटतात. बेरिलनंतर ग्रेनाडाला या निधीतून 4 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहिलेल्या प्रत्येकाने ते प्रकरण वाचावं, अशी माझी विनंती आहे. गयानाच्या भातशेतीचं प्रकरणही जरूर वाचा. तिथल्या किनाऱ्यावर पावसाळे दोन, आणि भात लावणाऱ्यांत भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत.

एक माणूस मात्र प्रस्तावनेतच भेटवायला हवा. हवानाच्या बेलेन कॉलेजमधले जेसुइट पाद्री बेनितो विन्येस. आपल्या हवामान खात्याची स्थापना झाली त्याच 1875 मध्ये, 11 सप्टेंबरला, त्यांनी चक्रीवादळाचा इशारा छापून प्रसिद्ध केला. जगातला असा तो पहिलाच मानला जातो. त्यांच्याकडे उपग्रह नव्हते. वायुभारमापक होता, खलाश्यांच्या आणि दूरदूरच्या गावांच्या तारा होत्या, आणि आकाशात उंचावर पिसाऱ्यासारखे पसरणारे पांढरे तंतुमेघ होते. ते तंतू कुठून फाकतात यावरून वादळाचं केंद्र कोणत्या बाजूला आहे हे ते सांगत. त्यांच्या परंपरेतल्या क्यूबन निरीक्षकांनी 1900 मध्ये एक वादळ मेक्सिकोच्या आखाताकडे जाईल असं ओळखलं होतं. अमेरिकी हवामान खात्याने क्यूबाचे इशारे तारेवरून जाऊ दिले नाहीत, कारण त्या खात्याला क्यूबन लोकांचं ज्ञान भावनिक वाटत होतं. 8 सप्टेंबरला त्या वादळाने गॅल्व्हेस्टन शहरातली हजारो माणसं मारली. अंदाज कोणाच्या तोंडून येतो यावर त्याचं वजन ठरवायची खोड तेव्हापासूनची आहे. बार्बाडोसच्या संस्थेबद्दल मी इतकं सविस्तर लिहिलं, त्याला हेही एक कारण आहे. बेटांचा पाऊस बेटांवरच्या माणसांनी मोजावा आणि बेटांवरच्या माणसांनी सांगावा.

हे पुस्तक लिहिताना नकाशा सतत जवळ ठेवावा लागला. वाचकानेही ठेवावा. नावं लहान आहेत, अंतरं मोठी आहेत, आणि एका बेटावर सरासरीहून जास्त पाऊस असताना शेजारच्या बेटावर टँकर फिरत असू शकतो. प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. पण कॅरिआकूचं प्रकरण आधी वाचावं असं सुचवतो.

30 नोव्हेंबरला वादळांचा मोसम कागदोपत्री संपतो आणि परदेशी वार्ताहर आपापल्या घरी परततात. नेमक्या त्याच सुमारास बार्बाडोसहून कोरड्या ऋतूचा नकाशा निघतो, तीच चौकट, तेच तीन आकडे, डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी. 2024 च्या डिसेंबरात कॅरिआकूवर ज्या घरांवर अजून पत्रे चढले नव्हते, तिथल्या माणसांनी तो नकाशा पाहिला असेल तर पहिल्यांदा हौदात काठी घालून पाण्याची खोली मोजली असेल, आणि मग वर, जिथे छप्पर असायला हवं होतं तिकडे, पाहिलं असेल.